चाळीसगावचा टांगा आणि बाबासाहेबांचे अर्थशास्त्र



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे उभे राहते, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह उभा राहतो, भारताची राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. ते योग्यच आहे. परंतु ज्या विद्येसाठी त्यांनी आपल्या उमेदीची दहा वर्षे झिजविली, जिच्यात कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. व पीएच. डी. आणि लंडनची एम. एस्सी. व डी. एस्सी. अशा चार पदव्या त्यांनी मिळविल्या, ती विद्या कायद्याची नव्हती. ती अर्थशास्त्राची होती. हे बाबासाहेब आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत फारसे दिसत नाहीत. आज त्यांची ओळख करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

ही ओळख कशासाठी, असे आपण विचाराल. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपली शेकडो मुले-मुली आज महाविद्यालयांत अर्थशास्त्र हा विषय घेतात. त्यातल्या कित्येकांचे आई-वडील कापूस वेचतात, केळीचे घड वाहतात, नाहीतर कुणाकडे सालदार म्हणून राबतात. पुस्तकात त्या मुलांना शिकविले जाते की, मालक आणि मजूर हे दोघेही स्वतंत्र असतात, दोघे आपापले हित पाहून सौदा करतात आणि मजुराच्या श्रमाने उत्पादनात जेवढी शेवटची भर पडते तेवढी मजुरी त्याला मिळते. मुलगा ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुण मिळवितो. मग घरी येऊन बापाकडे पाहतो. पुस्तक खरे असेल तर बापाला मिळते तेच त्याचे मोल! एवढीच त्याची किंमत! हा निष्कर्ष कोणी मोठ्याने बोलत नाही. परंतु तो मुलाच्या मनात रुजतो. आपल्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि आज शाळेत शिकवितो. म्हणून सांगतो, शास्त्राच्या तोंडून आलेला अपमान हा शिवीपेक्षा खोल जातो. त्याला उत्तरही शास्त्रानेच द्यावे लागते. ते बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे.

नवसनातनवाद म्हणजे काय?

१८७१ च्या सुमारास युरोपात अर्थशास्त्राची एक नवी शाखा निघाली. इंग्लंडात जेव्हन्स, ऑस्ट्रियात मेंगर, स्वित्झर्लंडात वालरा ही तिची आरंभीची नावे. पुढे १८९० साली आल्फ्रेड मार्शल यांच्या ग्रंथाने ती जगभर पसरली. मराठी पाठ्यपुस्तकांत या पंडितांना नवसनातनवादी म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात आपला विचार खास नसणार; पण सनातन हा शब्द ऐकून आपण कान टवकारले तर नवल नाही.

या शाखेत सगळेच खोटे आहे असे मात्र समजू नका. रावेर-यावलकडे केळीची आवक एकदम वाढली की भाव कोसळतो, हे मागणी-पुरवठ्याचे गणित आपण दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. बाबासाहेबांनीही ते गणित वापरले आहे. आक्षेप आहे तो त्या गणिताच्या आधी गृहीत धरलेल्या गोष्टीवर. बाजारात येणाऱ्याला जात नसते, त्याच्यामागे भूक नसते, त्याच्यावर गावाचा दाब नसतो. तो फक्त घेणारा किंवा देणारा असतो आणि दाम मोजले की वस्तू मिळते, असे या शास्त्राने धरून ठेवले आहे. बाबासाहेबांचे आयुष्य म्हणजे या गृहीताची एका मागून एक झालेली परीक्षाच होय.

दुप्पट भाडे आणि बंद दारे

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी पुढे साताऱ्यास राहत आणि नोकरीसाठी दूरच्या गावी असत. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मुलांचे कपडे स्वच्छ होते, जवळ पैसे होते, बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. परंतु ही महारांची मुले आहेत हे कळताच एकही गाडीवान यायला तयार होईना. अखेरीस भाडे दुप्पट घ्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या अटीवर सौदा ठरला. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. नवसनातनवाद सांगतो की भाव चढला म्हणजे पुरवठा वाढतो. येथे भाव दुप्पट झाला तरी गाडीवान मुलांच्या शेजारी बसायला तयार झाला नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे विषय घेतले त्यांत अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम होते. मजुराला त्याच्या उत्पादकतेइतकीच मजुरी मिळते असा सिद्धांत मांडणारे जॉन बेट्स क्लार्क त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. परंतु बाबासाहेबांनी गुरू मानले ते सार्वजनिक आयव्ययाचे पंडित एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांना. १९१५ च्या एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व वित्तव्यवस्थेचा हिशेब मांडला. राज्य कोणाकडून पैसा घेते आणि कोणासाठी खर्च करते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांनी सोडला नाही. ९ मे १९१६ रोजी त्याच विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. एका हाताला वित्त आणि दुसऱ्या हाताला जात, असा हा अभ्यास चालला होता. पुढे या दोन्ही वाटा एक झाल्या.

१९१७ साली ते शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला घर मिळेना. एका पारशी उतारगृहात रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि अमेरिकेतून शिकून आलेल्या या अर्थशास्त्रज्ञाला सामानासह रस्त्यावर यावे लागले. भाडे थकले नव्हते. मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर-व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाईक थांबले. आता विचार करा. शेअर बाजार हा तर नफ्याखेरीज दुसरे काही न पाहणाऱ्यांचा बाजार! तेथेही नफा मागे पडला आणि जात पुढे आली.

रुपया कोणाचा?

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे तज्ज्ञ सांगत की तुकडे जोडा, शेते मोठी करा, म्हणजे शेतकरी सुधारेल. बाबासाहेबांनी दाखवून दिले की शेत लहान की मोठे हे बिघ्यांवर ठरत नाही. त्यावर किती माणसे, किती बैल, किती अवजारे आणि किती भांडवल आहे, यावर ते ठरते. आपल्याकडे अवजारे कमी आणि जमिनीवर लोंबकळणारी माणसे फार, म्हणून खरा उपाय उद्योगधंदे वाढवून हा भार जमिनीवरून काढण्याचा आहे. शेतीवरील या फाजील मनुष्यबळाचा सिद्धांत पुढे १९५४ साली आर्थर लुईस यांनी मांडला व त्याची जगभर चर्चा झाली. बाबासाहेब त्याच्या ३६ वर्षे आधी तेथे पोचले होते.

पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने बाहेर आला. हा ग्रंथ कठीण आहे असे म्हणून आपण तो कपाटात ठेवतो. त्याचा गाभा मात्र गावच्या बाजाराएवढा सोपा आहे. १९१३ साली केन्स यांनी भारतासाठी सुवर्ण-विनिमय पद्धतीचा पुरस्कार केला होता. तीत सरकारचे लक्ष रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळण्याकडे असते. बाबासाहेबांनी विचारले, पौंडाशी दर स्थिर राहिला आणि घरातल्या रुपयाला मिळणारे धान्य मात्र घटत गेले, तर त्या स्थैर्याचा उपयोग काय? म्हणून रुपये पाडण्याच्या सरकारच्या मोकळ्या अधिकाराला कायद्याने पक्की मर्यादा घालावी, असे त्यांनी सुचविले.

याच ग्रंथात एक मुद्दा आपण विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. रुपयाचा दर घसरला की निर्यात करणारा व्यापारी खूश होतो. हा नफा आकाशातून पडतो काय? नाही. महागाई आधी वाढते आणि मजुरी मागाहून, रखडत वाढते. या दोहोंच्या मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होते, त्यातूनच मालकाचा नफा निघतो. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी, रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स, या वादात व्यापारी वर्ग आणि कमावून खाणारा वर्ग यांचे हितसंबंध वेगळे काढून दाखविले. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ही बँक एकट्या बाबासाहेबांच्या ग्रंथातून जन्मली, असे आपले काही वक्ते उत्साहाने सांगतात. तसे सांगण्याची गरज नाही. चलनाच्या प्रश्नात मजुराचे ताट आणून ठेवले, हे त्यांचे काम तेवढेच मोठे आहे.

चाळीसगावचा टांगा

आता आपल्या खानदेशात या. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार, हा भाग त्यांच्याकडे आला. १९२९ च्या ऑक्टोबरात दौरा आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे फाट्यावरच्या एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. ती करून ते गाडीने पुन्हा चाळीसगाव स्टेशनवर आले. महारवाड्यातील आपली माणसे हार घेऊन उभी होती.

स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे होते. पण तासभर झाला तरी बाबासाहेबांना नुसते बसवून ठेवले होते. त्यांना कारण कळेना. शेवटी एक टांगा आला. थोडे अंतर गेल्यावर तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले. पाय मोडला. कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

मागाहून कारण कळले. महाराला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपल्या लोकांना तर बाबासाहेबांनी पायी चालावे हे सोसवेना. तेव्हा तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने कधी टांगा हाकलाच नव्हता. मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा यांच्यामध्ये २८ वर्षे गेली होती. तो मुलगा आता दोन विद्यापीठांचा डॉक्टर, बॅरिस्टर आणि मुंबई कायदेमंडळाचा सभासद झाला होता. बाजाराने त्याच्याशी केलेला सौदा मात्र तोच होता.

वाचकहो, या घटनेकडे आपण अपमानाची गोष्ट म्हणून पाहतो. अर्थशास्त्राची गोष्ट म्हणूनही पाहा. टांगेवाला गरीब होता, भाडे त्याला हवे होते. मग त्याने ते का सोडले? १९५७ साली गॅरी बेकर यांनी नवसनातनवादी पद्धतीने भेदभावाचा सिद्धांत मांडला. त्याचे तात्पर्य असे की जो मालक आपल्या आवडीनावडीपायी चांगला कामगार नाकारतो तो स्वतःचे नुकसान करून घेतो, आणि खुल्या स्पर्धेत अशा मालकाचा टिकाव लागणे कठीण असते. या न्यायाने चाळीसगावला एखादा हुशार टांगेवाला पुढे यायला हवा होता. तो आला नाही. त्याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली जातीवरच निबंध लिहून दिले : जो जातीचा नियम मोडून व्यवहार करतो त्याच्याशी बाकीचे व्यवहार बंद करतात, म्हणून ज्याचा जातीवर मनातून विश्वास नाही तोही नियम पाळतो. अकरलॉफ यांना पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते या निबंधासाठी नव्हते. परंतु त्यांनी जे समीकरणांत मांडले ते बाबासाहेबांनी ४० वर्षे आधी, १९३६ साली, जातिनिर्मूलनावरील भाषणात स्वच्छ लिहिले होते : बंड करणाऱ्याला वाळीत टाकण्याचे हत्यार जातीच्या हाती असते. त्यांनी आणखी एक सांगितले. जात माणसाला एका धंद्यात जन्मभर बांधून ठेवते, दुसरीकडे काम असले तरी त्याला तेथे जाऊ देत नाही. म्हणून आपल्या बेकारीचे एक कारण जात हेच आहे.

ज्या खेड्यातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला आले होते, त्या बहिष्काराचा अर्थ आता पाहा. गावाने ठरविले की यांना काम देऊ नका, दुकानातून मीठ-मिरची देऊ नका, वाटेने जाऊ देऊ नका. ज्याच्याकडे जमीन नाही तो किती दिवस टिकणार? पोटासाठी तो शरण येतो. पाठ्यपुस्तक मग लिहिते की दोन्ही बाजूंनी राजीखुशीने करार झाला! आपल्याकडे आखाजीला सालदाराचे साल ठरते. एका बाजूला वर्षाचे धान्य घरात असलेला मालक, दुसऱ्या बाजूला गेल्या सालची उचल अंगावर असलेला मजूर. दोघे एकाच ओट्यावर बसतात म्हणून दोघे सारखे होत नाहीत.

पर्यायी अर्थव्यवस्था

दोष दाखवून बाबासाहेब थांबले नाहीत. १९२८ साली त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात आणले. वतन म्हणजे काय? थोडी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात सबंध घराने रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी करायची. ही ना मजुरी, ना मालकी. या सक्तीच्या चाकरीतून मोकळीक मिळावी, जमीन पूर्ण सारा घेऊन कसणाऱ्याकडे राहावी, असा त्यांचा आग्रह होता. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही; कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्यांत महार होते तसेच कुणबीही होते. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या दिवशी दरवर्षी तेथे आपले लोक जमतात. ते याच लढ्याच्या वर्षातले बाबासाहेब होते, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने आठवावे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसविणारी त्रिपक्षीय परिषद, सेवायोजन कार्यालये, कारखान्यात आठवड्याला ५४ ऐवजी ४८ तास काम, ही या कारकिर्दीची फळे होत. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. किमान वेतन म्हणजे नवसनातनवादाला दिलेला सरळ नकार होय. भुकेने ठरलेली मजुरी ही बाजारभाव नव्हे, असे राज्याने जाहीर करणे, हा त्याचा अर्थ आहे.

त्यांची संपूर्ण पर्यायी व्यवस्था पाहायची असेल तर १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेले राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन वाचले पाहिजे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत. विमा राज्याकडेच असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा त्याच्या कमाईच्या मानाने विमा सक्तीने उतरविला जावा. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा : राज्याने मालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला देऊन जमीन घ्यावी, तिची ठराविक आकाराची शेते पाडावीत, ती गावकऱ्यांच्या गटांना जातपात न पाहता सामुदायिक कसण्यासाठी द्यावीत आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे. म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. हे दहा वर्षांच्या आत व्हावे, आणि संविधानातच लिहिलेले असावे, म्हणजे एखाद्या निवडणुकीच्या बहुमताने ते पुसले जाणार नाही. लोकशाहीही ठेवायची आणि समाजवादही आणायचा, ही त्यांची वाट होती.

याच निवेदनात आणखी एक कलम आहे, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते कोठेही सापडणार नाही. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी केली. धुळे फाट्यावरच्या त्या खेड्यात जे पाहिले ते ते विसरले नव्हते. ज्या बाजारात बहिष्काराला मुभा आहे तो बाजार मोकळा नव्हे, हे त्यांच्या अर्थशास्त्राचे सार आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली, म्हणजे ६९ वर्षांनी!

संविधानात ही योजना पूर्ण उतरली नाही. वेठबिगारीला बंदी, अस्पृश्यतेचे उच्चाटन, संपत्ती मूठभरांच्या हाती साचू न देण्याचे मार्गदर्शक तत्त्व एवढे आले. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, मताने समान आणि पोटाने असमान, ही विसंगती फार काळ चालली तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल.

तृष्णा आणि सम्यक आजीविका

शेवटी ते धम्माकडे वळले तेव्हा अर्थशास्त्र मागे टाकून वळले, असा समज करून घेऊ नका. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचा अंत हे ध्येय दोघांचे. पण एकाचा मार्ग बळजबरीचा आणि दुसऱ्याचा मनःपरिवर्तनाचा, असे त्यांचे म्हणणे होते. लंडनच्या ज्या संस्थेत बाबासाहेब शिकले तेथील रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली ती आपली मुले अजून पाठ करतात : गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित. धम्म येथेच थांबवून विचारतो की गरज कोणती आणि तृष्णा कोणती? धम्म दारिद्र्याचे गोडवे गात नाही. सचोटीने मिळविलेल्या संपत्तीचा तो निषेध करीत नाही. कूटदंत सुत्तात राज्यातील चोऱ्या थांबविण्याचा उपाय शिक्षा हा सांगितलेला नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला वेतन द्यावे, असा सांगितला आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाने चाकराला शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी द्यावी असे सांगितले आहे. मजूरमंत्र्याच्या कारकिर्दीनंतर बाबासाहेबांना या सुत्तांत आपलेच काम दिसले असेल, तर त्यात नवल काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज काय करावे?

१९९१ नंतर देशाने पुन्हा बाजाराचा रस्ता धरला. सरकारी जागा आटत गेल्या आणि आपल्या मुलांना सांगण्यात आले की खाजगी क्षेत्र फक्त गुणवत्ता पाहते. आपल्याच विदर्भात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ही गोष्ट तपासली. वर्तमानपत्रातील नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त आडनावात होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच भरली. स्टेशनवरचा टांगेवाला आता कार्यालयात बसला आहे, एवढाच फरक.

तेव्हा बंधु-भगिनींनो, बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राला हार घालून भागणार नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणे या मालेच्या पहिल्या खंडात लहान शेतजमिनींचा निबंध, जातिनिर्मूलन आणि १९४७ चे निवेदन आहे. सहाव्या खंडात रुपयाचा ग्रंथ आहे. वर्षावासात आपल्या विहारात धम्मग्रंथाच्या वाचनाबरोबर आठवड्याला एक संध्याकाळ यांना द्या. गावातला जो मुलगा किंवा मुलगी अर्थशास्त्र शिकते तिला वाचायला बसवा, आणि सालदार, कापूस वेचणाऱ्या आया-बहिणी, हमाल यांना ऐकायला नव्हे, तपासायला बसवा. मजुरी कशी ठरते हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि मुलांनो, वर्गात जेव्हा फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढल्या जातील, तेव्हा त्या नीट शिकून घ्या, परीक्षेत पहिले या, आणि मग उभे राहून नम्रपणे एक प्रश्न विचारा : सर, मसूरला दुप्पट भाडे देऊनही गाडीवान शेजारी का बसला नाही? या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल तेच अर्थशास्त्र आपल्या बापाची खरी किंमत सांगू शकेल.